हजेरीतलं नाव

माझ्या धाकट्याचं नाव आम्ही आठ महिने घेतलं नव्हतं.

मार्चमध्ये तो अकरा कुत्री जोडून खाडीवर गेला. मार्चमध्ये आमच्या खाडीवरच्या बर्फावर विमान उतरवता येतं, किंवा यायचं. तो पुढे चालत, लोखंडी टोकाच्या काठीनं बर्फ ठोकत गेला असणार. ते मीच त्याला शिकवलं होतं आणि तो माझं ऐकायचा. तरी बर्फ फाटला. तीन कुत्री तुटलेले पट्टे ओढत परत आली. चौथ्या दिवशी त्याचा एक हातमोजा सापडला, गोठून लाकडासारखा झालेला. बाकी सगळं समुद्रानं ठेवून घेतलं.

ग्रीनलंडच्या अगदी वरच्या टोकाला आमचं गाव. साठ माणसं, दोनशे कुत्री. आमच्याकडे माणूस मेला तरी त्याचं नाव मरत नाही. ते बाहेर थंडीत उभं राहतं. घरात मूल जन्मलं की त्याच्या ओठांना पाण्याचा थेंब लावायचा, कानात ते नाव सांगायचं, मग ते आत येतं. तोवर कुणी ते उच्चारायचं नाही. उच्चारलं की ते हाकेकडे वळतं आणि घराची वाट सोडतं. गावात त्याच नावाचा आणखी एक म्हातारा होता. त्याला आम्ही आठ महिने नुसतं ‘दुकानामागचा’ म्हणत होतो. तो चिडायचा, पण हाकेला ओ द्यायचा. त्यालाही कळत होतं.

माझा नवरा गेला त्याच्या पुढच्याच महिन्यात थोरल्याला मुलगी झाली. तिला त्याचं नाव मिळालं, इमिना. म्हणून ती माझी नात आहे आणि नवराही आहे. मी तिला अहो म्हणते, ती मला बायको म्हणते. बावीस वर्षांची पोर, केस निळे रंगवलेले, आणि तरी मासा खाताना काटे ताटाच्या डाव्या कडेला ओळीनं लावते, अगदी तो लावायचा तसे. धाकटा तिचा काका, पण तिला ‘बाबा’ म्हणायचा. ती चार वर्षांची असल्यापासून शिकारीला निघताना तिच्यापुढे वाकून विचारायचा, “बाबा, जाऊ का?” आणि ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, “जा, पण जेवायला ये.”

मार्चमध्ये ती शिकायला राजधानीत होती. त्यानं कुणाला विचारलं नाही.

तो गेला त्याच महिन्यात माझ्या मुलीला, नादुकला, दिवस गेले. गावात कुणी काही बोललं नाही, पण ज्यानं त्यानं बोटं मोजली. नोव्हेंबरच्या शेवटाला मूल येणार होतं. त्याचं नाव ठरलेलंच होतं.

त्यात ते पत्र आलं. जगातली सगळी सरकारं मिळून दरवर्षी हवामानाची परिषद भरवतात. त्या वर्षी ती ब्राझीलमध्ये, एका मोठ्या नदीच्या मुखाशी होती. इमिनाला बर्फाबद्दल बोलायला बोलावलं होतं आणि सोबत गावातलं एक वडीलधारं माणूस हवं होतं.

“बर्फ वितळतोय हे सांगायला उन्हात जायचं?” मी विचारलं.

“तिथे सगळे भेटतात, बायको.”

“मग त्यांनी इथे यावं. कुत्र्यांशेजारी जागा आहे.”

पण मी गेले, आणि एकाच कारणासाठी गेले. इमिना बोलायला लागली की थांबत नाही, तो तिच्या नावाचाच गुण. काकाची गोष्ट ती सांगणार हे मला माहीत होतं, आणि सांगता सांगता नाव सुटलं तर? मी तिला समोर बसवून वचन घेतलं.

“त्याचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही,” ती म्हणाली.

निघताना नादुक पोटावर हात ठेवून दारात उभी होती. “आई, वेळेवर ये. नाव तूच सांगायचंस.”

“अजून वीस दिवस आहेत. माझं नातवंड आहे ते, थांबेल.”

सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच बुडाला होता. आता फेब्रुवारीपर्यंत दिवसाही अंधारच. उणे सव्वीस तापमान, पायात सीलच्या कातड्याचे बूट, अंगावर अस्वलाची विजार. हेलिकॉप्टर उठलं तेव्हा गावातली सगळी कुत्री एकदम ओरडायला लागली. त्यात बर्फावरून परतलेली ती तीनही होती. मार्चपासून ती ओरडली नव्हती.

पाच विमानं बदलली. शेवटच्या विमानाचं दार उघडलं आणि कुणीतरी मानगूट धरून माझं तोंड उकळत्या पातेल्यावर धरावं तसं झालं. श्वास आत जाईना. गेला तो ओला. कपाळातून, पाठीतून, गुडघ्यांच्या मागून पाणी गळायला लागलं. सत्तर वर्षांत माझं अंग इतकं कधी गळलं नव्हतं.

“बायको, बरी आहेस ना?”

“वितळतेय. तुमच्या भाषणात मलाच दाखवा.”

परिषदेची जागा म्हणजे पांढऱ्या तंबूंचं एक गावच. आत मात्र यंत्रांनी हवा थंड केलेली. बाहेर झाडं वाफाळतायत आणि आत माणसं कोटांची बटणं लावून बसलीत. टेबलावर पेल्यांत बर्फाचे तुकडे. एकानं त्यात पाणी ओतलं आणि बर्फ तडकला, लहानसा, नखाएवढा आवाज. मी उठून उभी राहिले. सगळे बघायला लागले. इमिनानं माझा हात धरून मला बसवलं. तिनंही तो ऐकला होता. तोंडाचा रंग सांगत होता.

तिथे मला सेबास्तियाना भेटली. नदीवर मासे धरणारी बाई, माझ्याच वयाची, हातांवर जाळ्याच्या दोऱ्यांचे वळ. तिचा नवरा झोपेत असताना पुरात काठ खचला आणि तो घरासकट नदीत गेला. तिनं माझे बूट चाचपून पाहिले आणि दुभाष्या पोरीला, जिला मी शाळेत शिकले ती डॅनिश यायची, काहीतरी सांगितलं.

“म्हणतायत, पाय शिजतील तुमचे,” पोरगी म्हणाली. सेबास्तियानानं आपल्या रबरी चपला काढून मला दिल्या आणि स्वतः अनवाणी राहिली. मी तिला घरून आणलेला सुका मासा दिला. तिनं बराच वेळ चावला.

“चांगला आहे. मीठ विसरलात.”

“मीठ समुद्रात होतं,” मी म्हटलं. “आम्ही हाव करत नाही.”

ती खूप हसली. बाई मला आवडली, आणि मला बाया सहसा आवडत नाहीत.

तिच्यासोबतच्या बायका पांढऱ्या कापडाच्या पट्ट्यांवर नावं लिहून घेत होत्या. पुरात, आगीत, उन्हात गेलेल्या माणसांची नावं. शेकडो पट्ट्या दोरीला बांधलेल्या. इमिना त्यांच्यात जाऊन बसली, हातात लेखणी. मला वाटलं, चित्र काढतेय. लहानपणी फार काढायची.

दुपारी मोठ्या तंबूत कार्यक्रम झाला. इमिना बोलली आणि छान बोलली. ‘माझा काका’ म्हणाली, नाव नाही घेतलं. मी पाच मिनिटं बोलले. म्हटलं, मी चार हिवाळे शाळेत गेले, पण बर्फ वाचायला मला सत्तर लागले, आणि आता तो बर्फच राहिला नाही. पुस्तक फाडणाऱ्यांनो, निदान पानं तरी मोजा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या नको होत्या, पण वाजल्या तर वाईटही वाटलं नाही.

मग सेबास्तियाना पुढे आली. एकेक पट्टी उचलून ती मोठ्यानं नाव वाचायची आणि अख्खा तंबू मूठ वर करून एकच शब्द ओरडायचा.

“काय म्हणतायत?” मी दुभाष्या पोरीला विचारलं.

“हजर,” ती म्हणाली. “गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी त्याच्या वतीनं हजर म्हणायचं. आमची पद्धत आहे.”

मला गंमत वाटली. शाळेतली हजेरी. मी इमिनाकडे बघून काहीतरी बोलणार होते, आणि मला तिचं तोंड दिसलं. ती उठून सेबास्तियानाकडे धावत होती. मधे खुर्च्या होत्या, माणसं होती, कॅमेरे होते.

सेबास्तियानानं माझ्या मुलाचं नाव घेतलं.

तिच्या जिभेवर ते वाकडं झालं होतं, तरी त्याचंच होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी ते हवेत सोडलं. आणि पाचसहाशे माणसं एका आवाजात म्हणाली, हजर.

प्रत्येक नाव ती तीनदा घ्यायची. दुसऱ्यांदा, हजर. तिसऱ्यांदा, हजर. आणि सगळे गप्प झाल्यावर, माझ्या पाठीमागून, थोडा उशिरा, एकाच माणसाचा आवाज आला. आमच्या भाषेत. उशिरा घरी आल्यावर दार उघडण्यापूर्वी तो द्यायचा तसा.

मी मागे वळले नाही.

खोलीवर आल्यावर मी इमिनाला विचारलं, “वचन काय दिलं होतंत?”

“मी बोलले नाही,” ती म्हणाली. “नुसतं लिहिलं. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, असं वाटलं मला. मोठ्यानं वाचणार हे माहीत नव्हतं. मला वाटलं, एका जागी तरी त्याचं नाव असावं. कुठेच नाही ते, बायको. त्याची कबरसुद्धा नाही.”

आमच्या आज्यांनी हा नियम घातला तेव्हा आमच्यात लिहिता कुणाला येत होतं?

खिडकीजवळच्या खुर्चीखाली पाणी साचलं होतं. थोडंसं, ओंजळभर.

“यंत्र गळतंय,” इमिना म्हणाली.

“यंत्राला सीलच्या चरबीचा वास येतो का?”

तिनं वास घेतला आणि ती भिंतीशी जाऊन बसली. मी पाणी पुसलं. पुन्हा साचलं. खारट होतं. मी चाखून पाहिलं.

मला भीती वाटली नाही. आईला मुलाची कसली भीती? पण त्या उकाड्यात, आमच्या कुठल्याच वाटेवर नसलेल्या गावात, जाड कपडे घालून तो ओला उभा होता आणि का बोलावलं ते त्याला कुणी सांगत नव्हतं, हे माझ्यानं बघवेना.

सकाळी नादुकचा फोन आला. मूल आदल्या दुपारीच झालं होतं, दोन आठवडे आधी. मुलगा. मागे तो रडत होता, आणि तसं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. थांबायला जागाच नसलेलं.

“आई, पीत नाहीये. नर्स म्हणते सगळं ठीक आहे, पण तो तोंडच लावत नाही. तुझी वाट बघायला नको म्हणून मी पाणी लावून नाव सांगितलं. तीनदा सांगितलं. लागत नाहीये. दार वाजवत राहावं आणि घरात कुणी नसावं, तसं वाटतंय.”

“किती वाजता झाला?”

तिनं सांगितलं. मी इमिनाला दोन्ही गावांच्या वेळा जुळवायला लावल्या. तिनं बोटांवर हिशेब केला आणि बोटं तशीच धरून ठेवली. तंबूत हजेरी चालली होती तीच घटका.

“फोन त्याच्या कानाला लाव,” मी नादुकला म्हटलं. मी स्वतः नाव सांगितलं. पलीकडे मूल रडतच राहिलं. माझ्या मागे, खुर्चीखाली, पाणी टपकलं.

परतीची विमानं चार दिवसांनी होती. परिषदेच्या कचेरीतल्या माणसानं आमचं ऐकून घेतलं आणि सुतकी चेहऱ्यानं आजचीच तिकिटं करून दिली. मूल आजारी आहे एवढंच त्याला सांगितलं. खोटं नव्हतं. संध्याकाळी निघायचं होतं. पण त्याला इथेच ठेवून गेलो असतो तर घरी जाऊन काय करणार होतो?

मी सेबास्तियानाला गाठलं. ती तंबूमागे पट्ट्यांची दोरी गुंडाळत होती. मी सांगायचं, दुभाष्या पोरीनं पुढे न्यायचं, अडलं तिथे इमिनानं इंग्रजीत करायचं. तरी तिला अर्ध्यातच कळलं.

“आम्ही नाव घेतो म्हणजे ते जात नाहीत,” ती म्हणाली.

“आम्ही घेत नाही म्हणजे ते येतात,” मी म्हटलं.

तिनं दोरी खाली ठेवली. “तुझ्या मुलाला मी बोलावलं?”

“तू बोलावलंस. आणि तो शहाण्यासारखा आला. बोलावल्यावर जायचं, हे मीच शिकवलंय त्याला.”

“मग मीच पाठवते.” तिनं विचारलं, “माझा नवराही येत असेल का गं असा? दरवेळी?”

आमच्या माणसांचं मला माहीत, त्यांच्या माणसांचं नाही. पण तिनं त्यानंतर दोरीतली एक पट्टी हातात धरली ती सोडली नाही.

तिनं काल ओरडणाऱ्यांपैकी मिळतील त्या बायाबापड्यांना नदीवर गोळा केलं. चाळीसेक असतील. पाणी चहासारखं तांबूस, आणि पलीकडचा काठ दिसत नाही इतकी रुंद नदी. सेबास्तियाना गुडघाभर पाण्यात उभी राहिली. तिनं सगळ्यांना बजावलं, “नाव घेईन. कुणी हजर म्हणायचं नाही. ज्याला राहवणार नाही त्यानं तोंडात रुमाल कोंबावा.”

तिनं नाव घेतलं. चाळीस माणसं गप्प.

दुसऱ्यांदा घेतलं. एका म्हाताऱ्याचा हात सवयीनं वर गेला, शेजारणीनं तो खाली ओढला.

तिसऱ्यांदा घेतलं. नुसतं पाणी वाजत होतं. आणि मला माझ्या डाव्या बाजूला तो जाणवला. हाकेला कुणीच ओ देत नाही म्हटल्यावर गोंधळलेला, आता इथेही नाही तर कुठे, असा.

मी इमिनाकडे वळले. “अहो, आता तुमचं काम. बाप आहात तुम्ही त्याचे. हाताला धरून घरी आणा.”

“मला नाही जमणार.”

“बोलावताना विचारलं होतंत मला?”

ती पाण्याजवळ गेली. निळ्या केसांची, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, खांदे उडत होते. मग तिनं कमरेवर हात ठेवले. आवाज तिचाच होता, पण बोलण्याची लय मी नवऱ्याच्या तोंडून तीस वर्षं ऐकलेली होती.

“पोरा,” ती म्हणाली. नाव नाही घेतलं. “चल. जेवायला.”

त्या उकाड्यात माझ्या डाव्या हाताला गारवा लागला. कोपरापासून बोटांपर्यंत.

तीन दिवस आम्ही प्रवास केला आणि तो गारवा मी हातावरून जाऊ दिला नाही. विमानात मी मधल्या खुर्चीवर बसायचे, हात तसाच ठेवून. हवाई सुंदरीनं विचारलं, पांघरूण देऊ का. “नको,” मी म्हटलं, “त्याला उकडेल.” इमिनानं तिला काहीतरी वेगळंच समजावलं. पहिल्या विमानात पायाशी पाणी साचलं. दुसऱ्यात कमी. कोपनहेगनला बर्फ भुरभुरत होता, तिथून पुढे साचलंच नाही. प्रत्येक थांब्यावर नादुकचा फोन. नर्स थेंबथेंब साखरेचं पाणी देतेय. रडणं कमी झालंय. रडणं कमी झालंय हे सांगताना ती स्वतः रडत होती.

शेवटच्या हेलिकॉप्टरमधून उतरले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि काळोख होता. कुत्री ओरडली नाहीत. ती तीन उभी राहून माझ्या डाव्या बाजूला शेपट्या हलवत होती.

घरात मी कोट काढला नाही. मूल नादुकच्या मांडीवर होतं, सुकलेलं, म्हातारं, डोळे अर्धे उघडे. मी पेल्यात बोट बुडवलं, त्याच्या ओठांना थेंब लावला आणि वाकून नाव सांगितलं.

मितेक.

माझ्या हातावरचा गारवा गेला. एकदम, कुणी हात सोडावा तसा. मला मोकळं वाटायला हवं होतं. मला त्या हाताचीच आठवण यायला लागली. मुलानं तोंड उघडलं, थेंब चाटला, मग मान वळवून दूध शोधायला लागला. नादुक कळवळली, इतक्या जोरानं त्यानं धरलं. इमिना दारातच खाली बसली. तिच्याकडे बघून मी म्हटलं, “अहो, मुलगा जेवायला आला.”

इथे संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

मितेक आता अकरा महिन्यांचा आहे. चार दात आलेत. कुत्र्यांना घाबरत नाही, पाण्याला घाबरतो. त्या तंबूतला कार्यक्रम त्यांनी कॅमेऱ्यात धरला होता. सेबास्तियानानं आपल्या यादीतून नाव काढलं, पट्टी जाळली, तसा निरोप पाठवला. इमिनानं पत्रं लिहून लिहून तो कार्यक्रम दोनतीन ठिकाणांहून उतरवला. पण तो आणखी कुठेकुठे आहे, म्हणे. जगात कुणीही, कधीही, फोनवर लावू शकतं. मग ती बाई पुन्हा नाव घेते आणि पाचसहाशे माणसं पुन्हा हजर म्हणतात.

कधी लावतात ते आम्हाला कळतं. परवा मितेक जमिनीवर बसून चमचा आपटत होता. मधेच थांबला, चमचा सोडला आणि दाराकडे वळला. कुणी नव्हतं. त्यानं मूठ वर केली. कपाळावर घाम आला, हातपाय तापले, आणि बसला होता तिथे खाली ओलं झालं. नादुक म्हणाली, मुतला असेल. मी चाखून पाहिलं नाही. कधीतरी धीर होईल तेव्हा पाहीन.

यंदाची परिषद पुढच्या महिन्यात आहे, दुसऱ्याच देशात. लोक मागचं काढून बघतील. म्हणून मी पेल्यात पाणी भरून शेजारीच ठेवते. मूठ वर गेली की बोट बुडवते, ओठांना थेंब लावते, कानात नाव सांगते आणि म्हणते, “इथे. इथे हजर आहेस तू.” मग हळूहळू मूठ उघडते.

त्याचा डावा पाय धरून मी झोपते. इमिना सुट्टीत आली की उजवा धरते.